मी अडकते, जरा थांबा

माझ्यासोबत कित्येक वर्षं काम केलेल्या लोकांनाही मी तोतरी आहे हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला याचा चक्क अभिमान होता. कारण लपवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. तोंडाने एक वाक्य चालू असतं आणि त्याच वेळी डोक्यात पुढच्या चार-पाच शब्दांची तपासणी चालू असते, त्यातला कुठला अडकणार ते आधीच कळतं (हो, कळतं, बहुतेक तोतऱ्या माणसांना कळतं), मग त्या शब्दाच्या अलीकडेच वळायचं, दुसरा शब्द घालायचा, नाहीच मिळाला तर अख्खं वाक्य फिरवायचं, तेही जमलं नाही तर खोकायचं, पर्समध्ये काहीतरी शोधायचं, "ते हे आपलं..." करत समोरच्याच्या तोंडून तो शब्द वदवून घ्यायचा. समोरचा बिचारा मदत करतो आणि त्याला पत्ताही नसतो.

माझा खरा वैरी 'क'. 'प' आणि 'ट' पण त्रास देतात पण ते अधूनमधून, 'क' मात्र रोजचा. आता तुम्ही मराठीत 'क' टाळून एक दिवस काढून बघा. काय, कोण, कुठे, कधी, केव्हा, कसं, किती, का. सगळे प्रश्न एकजात 'क'वरच बसलेत! शाळेत क ख ग घ हे कंठ्य वर्ण असं घोकून घेतात ना, ते मला इतरांपेक्षा जरा जास्तच पटलेलं होतं, कारण अडकायचं ते बरोबर तिथेच. जिभेचा मागचा भाग वर जाऊन चिकटतो, त्याच्यामागे हवा कोंडते, आवाज शून्य, मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळे आपोआप दुसरीकडे वळलेले. घड्याळ लावलं तर दोन-तीन सेकंद भरतील. पण त्या दोन-तीन सेकंदांत समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग कळल्याचा भाव आणि मग ती दया असं सगळं येऊन जातं आणि मी ते सगळं वाचलेलं असतं.

तर मी प्रश्न विचारणंच सोडून दिलं. म्हणजे ठरवून नाही, हळूहळू होत गेलं. "कुठे चाललास?" च्या ऐवजी "बाहेर चाललास?", "कोण आलंय?" च्या ऐवजी "दारात आलंय वाटतं?", "किती वाजले?" च्या ऐवजी "उशीर झाला असेल ना बराच?" आणि 'का?' ला तर पर्यायच नाही, तिथे नुसतं "अच्छा" म्हणून गप्प बसायचं. वर्गात काही समजलं नाही तर घरी येऊन पुस्तकात शोधायचं. नोकरीत नवीन काम दिलं की मान डोलवायची आणि मग रात्री बसून ते काय होतं ते स्वतःच धुंडाळायचं. यातून माझ्याबद्दल दोन मतं तयार झाली. काहींना वाटायचं हिला सगळं एका झटक्यात समजतं, आणि काहींना, ज्यात जवळचे लोक जास्त होते, वाटायचं की हिला आपल्यात काही इंटरेस्टच नाही, ही कधी आपणहून विचारत नाही. एका मैत्रिणीने तर भांडणात ऐकवलं होतं की एवढं सगळं झालं माझ्या आयुष्यात पण तू एका शब्दानं विचारलं नाहीस. तिला काय सांगणार? की बाई, मला विचारायचं होतं, पण तो प्रश्न 'क'ने सुरू होत होता?

आणि वर कहर म्हणजे माझं नावही 'क'वरूनच. नावाला समानार्थी शब्द नसतो. बाकी सगळं वळवता येतं पण "आपलं नाव?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते लगेच द्यायचं असतं, त्यामुळे ज्यांचं बोलणं एरवी बरं चालतं अशीही कितीतरी तोतरी माणसं स्वतःच्या नावावर हमखास अडकतात. मी मग परक्या ठिकाणी, जिथे ओळखपत्र वगैरे बघणार नाहीत तिथे, बहिणीचं नाव सांगायला लागले. तिचं नाव 'म'वरून, ओठ मिटले की आपोआप बाहेर. पुढे त्या नावाने हाक मारली की मला ओ द्यायला उशीर व्हायचा, ते वेगळंच.

लहानपणी घरचे म्हणायचे हळू बोल, आधी श्वास घे, मनात वाक्य जुळव आणि मग बोल. ज्याने ज्याने हा सल्ला दिला त्याने प्रेमानेच दिला हे मला मान्य आहे, पण तोतऱ्या मुलाला देऊ नये असा एकच सल्ला निवडायचा झाला तर मी हाच निवडेन. कारण मुलाला त्यातून एवढंच कळतं की तू काय बोलतोयस ते राहू दे, तुझं बोलणं दिसतंय कसं ते बघ. शाळेत ओळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायचा असायचा तेव्हा मी पुढची डोकी मोजून माझ्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते काढायची आणि त्यातले 'क' शोधत बसायची. पुढची मुलं काय वाचतायत हे मला कधीच ऐकू आलं नाही.

मोठी झाल्यावर वाचायला लागले तेव्हा पहिला धक्का हा बसला की माझ्या जिभेत काही दोष नाहीये. एकटी असताना मी खडाखड बोलते. गाताना अडकत नाही. चारजण मिळून एकसुरात काही म्हणत असतील तर अडकत नाही. हे माझंच नाही, जवळपास सगळ्यांचं असंच असतं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एरिक जॅक्सन यांनी (ते स्वतःही तोतरे आहेत) तोतऱ्या मोठ्या माणसांना वेगवेगळ्या परिस्थितीत बोलायला लावून तपासलं, आणि ज्या वेळी त्यांची पक्की खात्री होती की आपल्याला कुणीही ऐकत नाहीये त्या वेळी अडखळणं जवळपास नाहीसंच झालं. हे वाचून मी आधी खूश झाले आणि मग चिडले, कारण असं म्हटलं की लोकांचा पुढचा डायलॉग ठरलेला, "म्हणजे मग मनाचंच आहे सगळं, घाबरू नकोस की झालं!" तसं नाहीये ते. तोतरेपणा घराण्यात चालत येतो हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय, २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या टीमने काही कुटुंबांत त्याच्याशी जोडलेली जनुकं शोधली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये डाव्या बाजूच्या बोलण्याशी संबंधित भागांना जोडणाऱ्या तंतूंमध्ये फरक दिसतो. म्हणजे मुळात मेंदूच्या वायरिंगमधली गोष्ट, पण ऐकणारं कुणी समोर आलं की ती उफाळून येते. भीतीने ती वाढते, भीतीने ती तयार होत नाही. हा फरक मला स्वतःला पटवून घ्यायलाच फार वेळ लागला, लोकांना कधी पटणार.

घराण्यात चालत येतो हे वाचलं तेव्हा मला बाबा आठवले. बाबांना प्रत्येक तिसऱ्या शब्दाआधी "हे आपलं ते" म्हणायची सवय आहे, आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो. बाबा फोन कधी उचलत नाहीत, आईला देतात. ओळखीच्या माणसाचं नाव अचानक विसरतात. मी हे सगळं मनात एका ओळीत मांडलं आणि म्हटलं, अरेच्चा, या तर माझ्याच ट्रिका आहेत! मी त्यांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, छे गं, माझं बोलणंच तसं आहे, आणि मग पंखा नीट चालत नाहीये त्याबद्दल बोलायला लागले. असो.

उपायांचा इतिहास वाचला तर माणूस किती टोकाला गेलाय ते बघून हसावं की रडावं कळत नाही. ग्रीक वक्ता डेमोस्थेनिस तोंडात खडे ठेवून भाषणाचा सराव करायचा ही गोष्ट प्लुटार्कने लिहून ठेवलीय, ती आजही लोक मला सल्ला म्हणून सांगतात, जसं काही मी ऐकलीच नसेल. १८४१ मध्ये बर्लिनचा सर्जन डिफेनबाख याने तर तोतऱ्या लोकांच्या जिभेचा मागचा भाग पाचरीसारखा कापून काढला, आणि तेव्हा भूल द्यायचं ईथर अजून वापरात आलेलं नव्हतं, म्हणजे विचार करा. अजूनही यावर खास असं कुठलंही मान्यताप्राप्त औषध नाही. पण औषध नाही म्हणजे दुकान नाही असं नसतं. 'पूर्ण बरं करू'वाले भरपूर. मीही एका ठिकाणी गेले, तिथे शब्द रबरासारखा ताणून, एका लयीत, सावकाश बोलायला शिकवायचे. आणि गंमत म्हणजे तिथे सगळे अस्खलित! शेवटच्या दिवशी सगळ्यांनी स्टेजवर भाषणं ठोकली, आईबाबांचे डोळे भरून आले. नंतर काही आठवड्यांत सगळं होतं तिथेच. ती टेक्निक खोटी नव्हती, तसं बोललं की खरंच अडकत नाही. पण तसं बोलणं म्हणजे बोलताना सतत बोलण्याचाच विचार करणं, भांडताना, हसताना, घाईत, झोप आलेली असताना पण तो एकसुरी ताण सांभाळायचा. ते लपवण्याचंच आणखी एक रूप होतं, फक्त आता सर्टिफिकेट मिळालेलं. पुन्हा अडकायला लागल्यावर तिथून फोनवर सांगितलं की तुमचा सराव कमी पडला. हे एक बरं असतं, बरं झालं तर पद्धतीमुळे, नाही झालं तर तुमच्यामुळे.

मग बरीच वर्षं मी काहीच केलं नाही. ट्रिका चालू होत्या, नोकरी चालू होती, ज्या प्रमोशनमध्ये लोकांसमोर बोलावं लागलं असतं ते "मला टेक्निकल कामच आवडतं" म्हणून सोडलं. आवडतंच खरं, पण ते कारण नव्हतं.

पुढे ज्या स्पीच थेरपिस्टकडे गेले तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही माझ्यासमोर एकदाही अडकला नाहीत. दमत नाही का तुम्ही?" बाई, मला तिथे रडूच आलं. इतक्या वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. लोक विचारायचे बरं कसं होईल, किंवा काहीच विचारायचे नाहीत. दमतेस का, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मी प्रचंड दमलेले होते. मिटिंग संपवून आले की मला नुसतं पडून राहावंसं वाटायचं आणि मी समजायची की माझी तब्येतच नाजूक आहे.

तिने मग एक चित्र काढून दाखवलं, हिमनगाचं. जोसेफ शीहान नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, तेही तोतरेच (या विषयात काम करणारे अर्धे लोक स्वतः तोतरे निघतात असं मला आता वाटायला लागलंय), त्यांनी १९७० च्या सुमारास मांडलेलं हे. वर दिसतं ते अडखळणं, आणि पाण्याखाली कितीतरी मोठं, न दिसणारं म्हणजे शरम, भीती, टाळाटाळ. ती म्हणाली तुमचा वरचा भाग जवळपास दिसतच नाही इतका छोटा आहे, आणि खालचा बघा. आपण वरचा आणखी तासत बसलो तर खालचा वाढेल. तुम्हाला अडकायला शिकावं लागेल.

अडकायला शिकायचं! मला वाटलं चेष्टा करतेय. जे लपवण्यात उभं आयुष्य गेलं तेच मुद्दाम करून दाखवायचं, तेही लोकांसमोर. पण ही काही तिची स्वतःची टूम नव्हती, चार्ल्स व्हॅन रायपर नावाच्या माणसाची ही पद्धत, १९०५ ते १९९४ असं आयुष्य, मिशिगनमध्ये प्राध्यापक. तरुणपणी त्यांचा तोतरेपणा इतका वाईट होता की काही काळ त्यांनी मुक्या-बहिऱ्याचं सोंग घेऊन एका शेतावर मजुरी केली. आणि मग रस्त्यात त्यांना एक म्हातारा भेटला, तोही तोतरा, पण तो अडकताना धडपडतच नव्हता, शब्द आपले हळूहळू सांडू देत होता. म्हातारा म्हणाला की आता स्वतःशी झगडायचं वय राहिलं नाही माझं. व्हॅन रायपर यांनी तिथून धडा घेतला की न अडकण्याची खटपट सोडून सोपं अडकायला शिकायचं. मला ही गोष्ट आवडली कारण त्यात चमत्कार नाही. म्हातारा बरा झालेला नव्हता. तो फक्त भांडायचा थांबला होता.

प्रत्यक्षात हे करायचं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते कारण "स्वीकार करा" वगैरे वाक्यांनी माझं स्वतःचं डोकं फिरायचं. सगळ्यात आधी आरशासमोर अडकायचं आणि बघायचं की नेमकं काय होतं. मला कळलं की 'क'वर मी जिभेने इतका जोर लावते की पुढचं सगळं त्या जोरामुळेच बंद होतं. मग मुद्दाम अडकायचं पण हलकं, "क-क-कधी" असं सैल, जोर न लावता. जे मी आयुष्यभर टाळलं ते स्वतःच्या हाताने करायला लागल्यावर पहिल्यांदा हे जाणवलं की अरे, याचा गिअर माझ्याकडे पण आहे. मग खरं अडकलं तर काय करायचं? तो शब्द कसाबसा संपवायचा, तिथेच थांबायचं, पळून पुढच्या शब्दावर जायचं नाही, आणि तोच शब्द परत एकदा सैल सोडून म्हणायचा. हे जमायला लागलं की पुढची पायरी, अडकलेलं असतानाच जोर कमी करत त्यातून सरकत बाहेर यायचं. आणि त्याच्याही पुढची म्हणजे अडकणार असं वाटतंय तिथे आधीच जीभ हलकी टेकवायची. लिहायला तीन वाक्यं लागली, अंगात मुरायला अजूनही चालूच आहे. आणि यातलं सगळ्यात अवघड काय माहितीये? अडकलेलं असताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहणं. जिभेचा सराव त्यापुढे काहीच नाही.

मग परिस्थितींची यादी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. तळाला नवरा आणि बहीण, मग ओळखीचे, मग अनोळखी माणसाला रस्ता विचारणं, मग फोन, मग मिटिंग, आणि सगळ्यात वर स्वतःचं नाव. प्रत्येक ठिकाणी एकच काम, 'क'चा प्रश्न विचारायचा, शब्द न बदलता. शब्द बदलला तर ते धरायचं नाही, भले बोलणं कितीही गुळगुळीत झालेलं असो. हा हिशोब उलटा होता आणि तोच मला लागू पडला. आधी मी अडकले नाही की दिवस चांगला असायचा. आता जे म्हणायचं होतं तेच म्हटलं की दिवस चांगला, मग ते म्हणायला कितीही वेळ लागो.

लोकांच्या प्रतिक्रियांबद्दल मी डोक्यात जे काही रचून ठेवलं होतं त्यातलं फार थोडं खरं निघालं. ऑफिसात एका ऑनलाइन मिटिंगच्या सुरुवातीला मी सरळ सांगून टाकलं, "मी अडखळत बोलते, मधेच आवाज बंद झाला तर नेटवर्क गेलं असं समजू नका, मी अडकलेली असेन, जरा थांबा." दोघेतिघे हसले, एकाने अंगठा टाकला आणि पुढचा विषय सुरू झाला. बस! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं जीव मुठीत धरला होता? पण सगळंच असं गोड नाही झालं. एक गृहस्थ आहेत, ते माझं प्रत्येक वाक्य पूर्ण करतात आणि हमखास चुकीचं पूर्ण करतात, मग मला आधी त्यांचं वाक्य खोडावं लागतं आणि मग माझं म्हणावं लागतं, म्हणजे डबल काम. त्यांना सांगून झालंय. ते "हो हो सॉरी" म्हणतात आणि पुढच्या वाक्याला परत तेच. एक नातेवाईक बाई म्हणाल्या, आधी किती छान बोलायचीस, हल्ली काय झालंय तुला? हल्ली मी खरं बोलतेय हे त्यांना कसं सांगणार. आणि एक जुना सहकारी नंतर बाजूला येऊन म्हणाला की माझ्या भावाचं पण असंच आहे, तो आता घराबाहेर बोलतच नाही, त्याला तुझा नंबर देऊ का.

ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज, त्याचं नाव या विषयात निघतंच. १९२५ मध्ये लंडनमधल्या वेम्बलीला एका मोठ्या प्रदर्शनाच्या समारोपाच्या भाषणात तो भयंकर अडखळला, पुढच्या वर्षी लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन थेरपिस्टकडे जायला लागला, तेव्हा तो राजाही नव्हता. लोक ही गोष्ट 'बरा झाला' म्हणून सांगतात. पण ३ सप्टेंबर १९३९ चं युद्ध जाहीर झाल्याचं त्याचं रेडिओवरचं भाषण आजही ऐकायला मिळतं, नीट ऐका, त्यात जागोजागी थांबे आहेत, आणि लोग तेव्हाही त्याच्यासोबत त्या खोलीत होता. तेरा वर्षांनंतरही. मला त्या थांब्यांमुळे ते भाषण जास्त आवडतं. तो बरा झाला नव्हता, त्याला बोलायचं होतं ते तो बोलला.

मधल्या काळात बहिणीचा घाबराघुबरा फोन आला, भाचा साडेतीन वर्षांचा, छान बोलत होता आणि अचानक शब्द चार-चारदा म्हणायला लागला. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आपण रागावलो म्हणून असं झालं. आईला दोष द्यायची ही सवय जुनी आहे, आणि त्यामागे एक फार वाईट प्रयोग पण आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन, तेही तोतरे, यांचं मत असं की तोतरेपणा मुलाच्या तोंडात नाही तर आईबापांच्या कानात सुरू होतो, म्हणजे ते टोकतात म्हणून मूल तोतरं होतं. १९३९ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला, त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगत राहिली की तुमचं बोलणं बिघडलंय, तुम्ही तोतरे होताय. त्या मुलांनी बोलणंच कमी केलं, ती बुजरी झाली, काहींना आयुष्यभर त्याचा त्रास झाला. २००१ मध्ये हे वर्तमानपत्रात आलं, विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये सरकारकडून भरपाई मिळाली. टोकल्याने मूल तोतरं होतं हे त्यातून सिद्ध झालं नाही. टोकल्याने मूल गप्प होतं, हे मात्र दिसलं. मला तर ते प्रयोगाविना माहीत होतं.

बहिणीला मी एवढंच सांगितलं की साधारण शंभरात पाच मुलं लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात, बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं आपोआप जातं, म्हणून तर मोठ्यांमध्ये प्रमाण शंभरात एकाच्या आसपास उरतं. मुलींचं जास्त वेळा जातं, त्यामुळे मोठेपणी चार पुरुषांमागे एखादीच बाई तोतरी सापडते (ती मी, धन्यवाद). घरात कुणाला असेल तर राहण्याची शक्यता वाढते आणि आपल्या घरात आहे, त्यामुळे नुसती वाट बघत न बसता थेरपिस्टला दाखव. आणि तोपर्यंत त्याला हळू बोल म्हणू नकोस, तू स्वतः जरा हळू बोल, त्याचं वाक्य संपेपर्यंत हातातलं काम थांबव. पुढे ती आली तेव्हा मी भाच्याशी खेळताना मुद्दामच नाही, खरोखरच अडकले. तो थांबून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मावशी, तुझं पण चिकटतं?" म्हटलं हो रे, 'क' चिकटतो. तो म्हणाला माझा 'ग' चिकटतो, आणि गाडी परत सोफ्याखाली घातली. आमच्या घराण्यात या विषयावर झालेलं हे पहिलं संभाषण.

आता कुठवर आलेय? मी पूर्वीपेक्षा जास्त अडकते, म्हणजे लोकांना ते जास्त दिसतं. संध्याकाळी दमत नाही. प्रश्न विचारते, भरपूर विचारते, नवरा म्हणतो आता जरा जास्तच विचारतेस. त्या मैत्रिणीला फोन करून मी "का" आणि "कसं" दोन्ही विचारलं, फार उशिरा, पण विचारलं, आणि ती तासभर बोलत होती. काही दिवस अजूनही असे येतात की सकाळपासून जुन्या ट्रिका आपोआप सुरू होतात आणि दुपारी माझ्या लक्षात येतं की आज आपण एकही प्रश्न विचारला नाहीये. झोप कमी झाली, कामाचा ताण असला की हमखास. थेरपिस्ट म्हणते की हे असंच खालीवर होत राहणार. मला हे ऐकायला आवडत नाही पण ती खोटी आशा दाखवत नाही म्हणून तर तिच्याकडे जाते.

फक्त एका बाबतीत अजून काही मार्ग सापडलेला नाही, तो म्हणजे फोनवर बोलणारं मशीन. माणसाला सांगता येतं की थांबा, मी अडकते. हल्ली कुठेही फोन लावला की एक गोड आवाज म्हणतो आपलं नाव सांगा, मी 'क'वर जीभ हलकी टेकवते, जोर लावत नाही, सगळं शिकल्याप्रमाणे करते, आणि मी सरकत बाहेर येईपर्यंत ती बाई म्हणते क्षमस्व, आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा फोन कट. परवा मी चिडून बहिणीचं नाव सांगितलं तर लगेच पटलं तिला, आणि मग पुढचा अर्धा तास जो खराखुरा माणूस लाइनवर आला त्याला मी ती नाही हे समजावण्यात गेला. ते मात्र मी अडकत अडकत, एकही शब्द न बदलता समजावलं.